दुरंगी नीलम

माणसाला ‘दुरंगी’ म्हटले, तर त्याला तो आपला अपमान वाटतो. ज्याच्या मनात एक आणि ओठावर दुसरेच, अशा माणसाला आपण दुरंगी म्हणतो. निसर्गाच्या भांडारात मात्र एक असे रत्न आहे की, ज्याच्या अंगी उघडउघड दोन रंग असूनही त्यात कपटाचा लवलेश नाही. बोटाच्या पेराहून लहान असा तो खडा प्रकाशासमोर धरावा, तर त्याची एक बाजू पाऊस ओसरल्यानंतरच्या आकाशासारखी निळी दिसते, आणि दुसरी बाजू केशराच्या पाण्यासारखी पिवळी. दोहोंच्या मध्ये एक सरळ रेषा असते. पाहणाऱ्याला वाटते, कोणा कुशल कारागिराने दोन खडे एकास एक जोडले असावेत. परंतु त्यात जोड नसतो, डिंक नसतो, की रंगाचा हात फिरवलेला नसतो. खडा एकच असतो आणि तो अखंड असतो.

या रत्नाला दुरंगी नीलम असे म्हणतात. आपल्याकडील जवाहिरे निळ्या व पिवळ्या रंगांच्या अशा खड्याला ‘पीतांबरी नीलम’ या नावाने ओळखतात. नाव ऐकताच सावळ्या अंगावर पिवळे रेशमी वस्त्र ल्यालेल्या श्रीकृष्णाचे रूप डोळ्यांपुढे उभे राहते! पण नाव एवढे गोड असले, तरी या रत्नाच्या वाट्याला आलेला मान फार जुना नाही. दीर्घकाळपर्यंत रत्नांच्या बाजारात रंग एकसारखा नसणे हा दोष मानला जात असे. आज मात्र त्याच दोन रंगांसाठी लोक तो खडा मुद्दाम शोधतात. जो कालपर्यंत दोष होता, तो आज गुण कसा ठरला? याचे उत्तर मिळण्यासाठी आपल्याला या खड्याची जन्मकथा जाणून घेतली पाहिजे.

नीलमाचे कुळ शोधू लागलो, तर ते एका साध्या, ओबडधोबड दगडापाशी जाऊन पोहोचते. त्या दगडाचे नाव कुरुंद. हा दगड अतिशय कठीण असतो. पूर्वी आपल्या देशातील शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिची चाके बनवीत आणि त्यांवर तलवारींना व सुऱ्यांना धार लावीत. आपल्या महाराष्ट्रातही भंडारा जिल्ह्यातील पोहरा गावाच्या परिसरात कुरुंद सापडतो. या खनिजाचे ‘कोरंडम्’ हे जगभर रूढ झालेले शास्त्रीय नावही आपल्याच देशातून गेलेले आहे. तमिळ भाषेतील ‘कुरुंदम्’ आणि संस्कृतातील ‘कुरुविंद’ हे त्याचे पूर्वज होत. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त रत्नांच्या परीक्षेविषयी अध्याय आहेत. त्यांतही कुरुविंदाचा उल्लेख येतो.

कुरुंद कशाचा बनलेला असतो? ज्या ॲल्युमिनियमची पातेली आपल्या स्वयंपाकघरात असतात तो धातू, आणि ज्यावाचून आपण क्षणभरही जगू शकत नाही तो प्राणवायू, या दोन मूलद्रव्यांच्या संयोगाने कुरुंद तयार होतो. ॲल्युमिनियमचे दोन अणू आणि प्राणवायूचे तीन अणू, असे त्यांचे प्रमाण असते. हा कुरुंद बहुधा मळकट व अपारदर्शक असतो. परंतु क्वचित एखाद्या ठिकाणी तो स्वच्छ व पारदर्शक घडतो, आणि मग त्याचे रत्न होते. तांबडा कुरुंद म्हणजे माणिक, निळा कुरुंद म्हणजे नीलम आणि पिवळा कुरुंद म्हणजे पुष्कराज. वैभवशाली घराण्यातील ही तीन भावंडे रूपाने निरनिराळी असली, तरी त्यांचे रक्त एकच आहे. जगाच्या बाजारात तर तांबड्याखेरीज इतर सर्व रंगांच्या कुरुंदरत्नांना नीलमाचेच नाव देण्याची पद्धत आहे. म्हणून निळा व पिवळा रंग एकत्र असलेल्या खड्यालाही नीलमच म्हणतात.

आता येथे एक शंका मनात येईल. द्रव्य जर एकच, तर रंग निरनिराळे कसे? याचे उत्तर असे की, अगदी शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. तो काचेसारखा रंगहीन असतो. परंतु निसर्गात कोणतीही वस्तू सहसा अगदी शुद्ध सापडत नाही. कुरुंदाचा स्फटिक वाढत असताना त्यात दुसऱ्या मूलद्रव्यांचे थोडेसे अणू शिरतात. हे ‘थोडेसे’ किती थोडे, तर शंभर भाग कुरुंदात एका भागाचाही अल्पसा अंश! पण तेवढ्याने सारा नूर पालटतो. क्रोमियम शिरले की माणकाची लाली येते. केवळ लोह शिरले की पिवळी किंवा किंचित हिरवट छटा येते. आणि लोहाच्या जोडीला टायटॅनियम हे मूलद्रव्य आले, की खडा निळा होतो.

सूर्याचा पांढरा प्रकाश सात रंगांचा बनलेला असतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. लोह आणि टायटॅनियम यांची जोडी त्या प्रकाशातील पिवळा, नारिंगी आणि तांबडा हे रंग बरेचसे शोषून घेते. मग जो प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो, त्यात निळ्याचे प्राबल्य असते. एकटे लोह असेल, तर ते जांभळ्या व निळ्या रंगांचा काही भाग शोषते. त्यामुळे उरलेला प्रकाश पिवळसर भासतो. म्हणजे रत्नाचा रंग हा रत्नावर चढवलेला लेप नव्हे. प्रकाशातून काय घ्यावे आणि काय जाऊ द्यावे, हे त्या खड्यात शिरलेले पाहुणे ठरवतात, आणि त्यांच्या निवडीला आपण रंग म्हणतो.

दुरंगी नीलमाचे सारे रहस्य या पाहुण्यांच्या येण्याजाण्यात साठवलेले आहे. ते नीट समजण्यासाठी आपण पृथ्वीच्या पोटात थोडे खोल जाऊ या.

भूपृष्ठाखाली कित्येक मैल खोल प्रचंड उष्णता व दाब असतो. तेथे काही ठिकाणी खडक वितळतात, तर काही ठिकाणी न वितळताही त्यांची घडण बदलते. पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम विपुल आहे. तरीही नीलम दुर्मीळ का? कारण ॲल्युमिनियमला वाळूतील सिलिका या द्रव्याची मोठी ओढ असते. सिलिका भेटली की ॲल्युमिनियम तिच्याशी संयोग पावते आणि त्यातून अभ्रक, फेल्स्पार यांसारखी सामान्य खनिजे बनतात. जेथे ॲल्युमिनियम भरपूर आणि सिलिका मात्र अपुरी, अशी जागा सापडली तरच कुरुंद जन्म घेतो. अशा जागा फार थोड्या असतात.

अशा जागी कुरुंदाचा स्फटिक हळूहळू वाढू लागतो. तो रोपासारखा आतून वाढत नाही. त्याच्या पृष्ठावर अणूंचा एकेक थर बाहेरून बसत जातो. त्याचा आडवा छेद सहा बाजूंचा असतो, आणि पुष्कळदा त्याला मध्ये फुगीर व टोकांकडे निमुळता असा पिंपासारखा आकार येतो. थर बसत असताना आजूबाजूच्या द्रव्यात जे मूलद्रव्य असेल, त्याचे अणू त्या थरात अडकतात. समजा, भोवताली लोह आहे पण टायटॅनियम नाही. मग जे थर बसतील ते पिवळे होतील. काही काळाने कोठून तरी टायटॅनियमचा पुरवठा झाला, तर त्यापुढचे थर निळे होतील. पुढे तो पुरवठा आटला, तर पुन्हा पिवळे थर बसू लागतील.

विणकर लुगडे विणताना काय करतो, ते पाहा. अंग विणून होईपर्यंत त्याच्या धोट्यात एका रंगाचे सूत असते. पदराशी आल्यावर तो दुसऱ्या रंगाचे सूत घेतो. लुगडे अखंडच राहते, पण जेथे सूत बदलले तेथे रंगांची सीमा स्पष्ट उमटते. दुरंगी नीलमाचेही तसेच आहे. त्याच्या अंगावरील सीमारेषा म्हणजे पृथ्वीच्या पोटात ‘सूत’ बदलले त्या काळाची खूण होय. हे थर स्फटिकाच्या सपाट बाजूंना समांतर बसतात. त्यामुळे रंगांच्या सीमा सरळ असतात आणि जेथे त्या वळतात तेथे षटकोनाच्या कोपऱ्याप्रमाणे १२० अंशांचा कोन करून वळतात. कधी कधी निळे आणि पिवळे थर इतके पातळ व इतके जवळजवळ असतात की, साध्या डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत. मग तो खडा आपल्याला हिरवा भासतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिल्यावर मात्र त्या हिरव्याचे निळे व पिवळे पट्टे अलग अलग दिसू लागतात.

अशा रीतीने घडलेले नीलम पृथ्वीच्या पोटातून आपल्या हाती कसे येतात? त्यांच्या येण्याच्या दोन वाटा आहेत. श्रीलंकेतील खडकांत सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड उलथापालथ झाली आणि त्या काळी तेथील बहुतेक नीलम घडले. पुढे ऊन, वारा व पाऊस यांनी ते डोंगर झिजवले. खडकांची माती झाली, परंतु कठीण नीलम तसेच राहिले आणि नद्यांच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन गाळात रुतले. रत्नपुर नावाच्या शहराभोवती लोक आजही जमिनीत खड्डे खणतात, खालची वाळूमिश्रित खडी वर काढतात आणि ती गोल टोपल्यांत घालून पाण्यात घुसळतात. शहराचे नावच त्याच्या उद्योगाची साक्ष देते.

दुसरी वाट अग्नीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात काही कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखी जागृत होते. खोलवर तयार झालेले नीलम वर उसळणाऱ्या तप्त लाव्ह्याबरोबर भूपृष्ठावर आले. हा लाव्हा थिजून त्याचा बेसाल्ट नावाचा काळा खडक झाला. तुम्ही म्हणाल, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच आहे, मग आपल्याकडे नीलम का सापडत नाहीत? याचे कारण असे की, नीलमाला वाहून आणणारा लाव्हा वेगळ्या घडणीचा असतो. त्यात सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण अधिक असते आणि सिलिका कमी असते. आपल्या दख्खनच्या पठाराचा बहुतेक लाव्हा त्या जातीचा नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात अनाकी नावाचे गाव आहे. त्या परिसरात १८७५ च्या सुमारास नीलम सापडले. तेथील दोन वस्त्यांची नावेच ‘सफायर’ आणि ‘रूबीव्हेल’ अशी, म्हणजे नीलमाचे गाव आणि माणकाचे खोरे अशी आहेत. तेथील नीलमांत लोहाचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे निळा, हिरवा आणि पिवळा हे रंग एकाच खड्यात येण्याचा योग तेथे वारंवार जुळून येतो. अशा खड्यांना तेथील लोक ‘पार्टी सफायर’ म्हणतात. अमेरिकेतील मोंटाना राज्यात, तसेच मादागास्कर, टांझानिया व नायजेरिया या आफ्रिकेतील देशांतही दुरंगी नीलम मिळतात. आपल्या काश्मीरमध्ये पाडर खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, १८८१ च्या सुमारास दरड कोसळल्यामुळे नीलमांचा एक साठा उघडा पडला. मोरपिशी निळाईबद्दल ते जगप्रसिद्ध झाले. त्यांतील काही स्फटिकांचाही एक भाग गर्द निळा आणि दुसरा भाग जवळजवळ रंगहीन असे.

क्वीन्सलँडमधील खाणकामगार नीलम कसे निवडतात, ते पाहण्यासारखे आहे. खणून काढलेली खडी ते चाळणीत घालतात आणि चाळणी पाण्यात बुडवून विशिष्ट लयीत हलवतात. आपली आई सुपात धान्य पाखडते, तेव्हा जड आणि हलके वेगळे होते ना? तसेच हे. नीलम पाण्याच्या चौपट जड असतो. साधी गारगोटी अडीचपटीहून थोडी अधिक जड असते. त्यामुळे चाळणी हलवली की जड नीलम तळाशी, मध्यभागी गोळा होतात. मग ती चाळणी एका झटक्यात पालथी घालतात, आणि तळाचे नीलम ढिगाच्या माथ्यावर येतात. सूर्याचा किरण पडताच त्यांतील एखादा डोळा मिचकावल्यासारखा चमकतो. दिवसभराच्या श्रमानंतर कधी मूठभर खडे मिळतात, तर कधी काहीच मिळत नाही. रत्नाची चमक जगाला दिसते, त्यामागचा घाम दिसत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. एकाच खड्यात दोन रंग दिसले की तो दुरंगी नीलम, असे समजणे बरोबर नाही. पुष्कळ एकरंगी नीलम एका दिशेने पाहिले असता निळे आणि दुसऱ्या दिशेने पाहिले असता हिरवट निळे दिसतात. स्फटिकाच्या निरनिराळ्या दिशांत प्रकाश निरनिराळ्या प्रकारे शोषला जातो म्हणून असे घडते. दुसरे काही नीलम दिवसाच्या उजेडात निळे आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात जांभळे दिसतात. पहिल्या प्रकारात पाहण्याची दिशा बदलते, दुसऱ्या प्रकारात दिवा बदलतो. दुरंगी नीलमात मात्र काहीच बदलावे लागत नाही. त्याचे दोन रंग दोन जागी कायमचे वस्ती करून राहिलेले असतात.

खाणीतून आलेला नीलम पैलू पाडणाऱ्याच्या हाती पडतो, तेव्हा त्याच्या भाग्याचा खरा निकाल लागतो. खडबडीत स्फटिकाला हिऱ्याच्या पुडीच्या साहाय्याने घासून पैलू पाडतात. या कामात खड्याचे निम्म्याहून अधिक वजनही जाऊ शकते. रत्नाचे वजन कॅरटमध्ये मोजतात आणि एक कॅरट म्हणजे केवळ २०० मिलिग्रॅम, एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा! अशा स्थितीत चाक कोठे टेकवावे, याचा निर्णय चुकला तर घासलेला कण परत मिळत नाही. कापड चुकीचे कापले गेले, तर शिंपी ठिगळ लावू शकतो. रत्नाला ठिगळ नाही.

जुन्या कारागिरांपुढे दुरंगी खडा आला, तर त्यांचा प्रयत्न एकच असे, तो म्हणजे दुसरा रंग नाहीसा करण्याचा. कोणी पिवळा भाग घासून टाकी आणि लहानसा का होईना, पण एकरंगी निळा खडा मिळवी. श्रीलंकेतील कारागिरांनी तर यात विलक्षण कौशल्य मिळवले. तेथे काही स्फटिक असे मिळतात की, त्यांचा बहुतेक भाग फिका असतो आणि निळा रंग कोठेतरी एका ठिकाणीच साकळलेला असतो. त्यांना ते ‘ओट्टु’ म्हणतात. कारागीर असा खडा घासताना तो निळा ठिपका नेमका खालच्या टोकाशी राहील, अशी योजना करतो. मग आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून परावर्तित होताना त्या निळ्यातून जातो आणि वरून पाहणाऱ्याला सारा खडा निळा भासतो. बाजूने पाहावे, तर तो जवळजवळ पांढराच असतो! ही चतुराई खरोखर कौतुकास्पद आहे.

परंतु गेल्या काही दशकांत कारागिरांची व ग्राहकांची दृष्टी पालटली. एकसारखा निळा खडा सुंदर खरा, पण तसे दुसरेही असतात. दुरंगी खड्यातील सीमारेषा मात्र दुसऱ्या कोणत्याही खड्यात तंतोतंत सापडत नाही. मग ती पुसून का टाकावी? तिला मानाचे स्थान का देऊ नये? हा विचार रुजला आणि दुरंगी नीलमाला पैलू पाडण्याची रीतच बदलली.

पुष्कळ पैलूंचा गोल आकार दिला, तर प्रकाश आतल्या आत अनेकदा परावर्तित होतो आणि दोन्ही रंग एकमेकांत मिसळून हिरवट दिसू लागतात. म्हणून दोन रंग स्पष्ट ठेवायचे असतील, तर बहुधा लांबट चौकोनी आकार निवडतात, आणि त्याच्या कडांना पुष्करणीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक सरळ पैलू पाडतात. रंगांची सीमा खड्याच्या मधोमध आडवी येईल किंवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरपी जाईल, असे तो धरून घासतात. कोणी मुद्दाम रंग मिसळू देतात आणि मोराच्या पिसाऱ्यासारखा निळ्या-हिरव्या-सोनेरी छटांचा खेळ साधतात. निसर्गाने काय लिहून ठेवले आहे, ते आधी वाचायचे आणि मग त्याला शोभेल अशी चौकट द्यायची, हेच आता कारागिराचे कसब होय.

चांगला दुरंगी नीलम कोणता? ज्याचे दोन्ही रंग तेजस्वी आहेत, ज्यातील सीमा स्वच्छ आहे, जो पाणीदार आहे आणि ज्यात चिरा व डाग नाहीत, तो उत्तम. दोन्ही रंग समसमान असावेत असा आग्रह नसतो, परंतु एकाने दुसऱ्याला अगदीच झाकून टाकू नये. अस्सल गर्द निळ्या नीलमाएवढी किंमत त्याला सहसा येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

कठीणपणाच्या बाबतीत मात्र दोघेही सारखेच. फ्रिडरिश मोज या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी ठरवली. तीत हिऱ्याचा क्रमांक १० आणि कुरुंदाचा ९ आहे. हिरा सोडला, तर नीलमावर ओरखडा काढू शकेल असे खनिज निसर्गात जवळजवळ नाहीच. म्हणून रोज वापरण्याच्या अंगठीसाठी नीलम फार सोयीचा असतो. मात्र इतर रत्ने त्याच डबीत ठेवली, तर हा बलाढ्य शेजारी त्यांच्यावर ओरखडे काढतो. म्हणून त्याला वेगळ्या मऊ कापडात गुंडाळून ठेवावे, आणि कोमट साबणाच्या पाण्याने व मऊ कुंचल्याने स्वच्छ करावे.

दागिन्यात बसवताना दुरंगी नीलमाला प्रकाशाची वाट मोकळी लागते. आपल्याकडील जुन्या कुंदनाच्या कामात खड्याच्या पाठीमागे चांदीचा पातळ वर्ख घालून कोंदण मागून बंद करीत. त्यायोगे फिक्या खड्यालाही झळाळी येई. पण दुरंगी नीलमाच्या आरपार प्रकाश खेळला, तरच त्याची सीमा उठून दिसते. म्हणून हल्ली त्याला मागून उघड्या कोंदणात, नखांसारख्या बारीक आकड्यांनी धरून बसवतात. पिवळ्या सोन्यात त्याची पिवळी बाजू खुलते, तर प्लॅटिनमसारख्या पांढऱ्या धातूत निळी बाजू खुलते. अंगठी आणि गळ्यातील पदक यांत तो विशेष शोभतो. कानांतील कुड्यांसाठी मात्र एकसारखे दोन दुरंगी खडे मिळवणे हे महाकठीण काम असते.

जेथे मोल असते, तेथे लबाडीही येते. दोन वेगवेगळे तुकडे डिंकाने जोडून ते दुरंगी रत्न म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. फ्रान्समधील ओग्यूस्त व्हेर्नय या रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेच्या साहाय्याने कृत्रिम माणिक बनवण्याची कृती १९०२ साली जाहीर केली, आणि पुढे त्याच रीतीने कृत्रिम नीलमही तयार होऊ लागले. पारखी मनुष्य फसत नाही. तो खडा पाण्यात बुडवतो, पांढऱ्या कागदावर ठेवतो आणि भिंगातून निरखतो. व्हेर्नयच्या रीतीने बनवलेल्या खड्यात रंगाचे पट्टे धनुष्यासारखे वाकलेले दिसतात, आणि कधी कधी हवेचे बारीक बुडबुडेही आढळतात. निसर्गाचे पट्टे मात्र सरळ किंवा कोनाकृती असतात. जोडलेला खडा असेल, तर डिंकाचा सपाट थर आरपार गेलेला दिसतो. म्हणजे ज्या रेषेला एकेकाळी दोष म्हटले गेले, तीच रेषा आज खड्याच्या खरेपणाची साक्ष देण्यास उपयोगी पडते.

खरे नीलमही पुष्कळदा तापवून विकले जातात. १९७० नंतरच्या दशकात थायलंडमधील कारागिरांनी श्रीलंकेचे दुधाळ, फिके खडे भट्टीत अतिशय उच्च तापमानाला तापवून निळे करण्याची कला मोठ्या प्रमाणावर वापरात आणली. तापवल्याने दुरंगी खड्याचे रंगही बदलू शकतात. तापवणे ही लबाडी नव्हे, पण तापवलेला खडा न तापवलेला म्हणून विकणे ही मात्र निश्चित लबाडी होय. दोष वस्तूत नसतो, तो लपवालपवीत असतो.

आपल्याकडे नीलम हे शनीचे आणि पुष्कराज हे गुरूचे रत्न मानण्याची जुनी समजूत आहे. म्हणून पीतांबरी नीलमात दोन्ही ग्रहांचे गुण आहेत, असे काही लोक मानतात. ही श्रद्धेची गोष्ट आहे. शास्त्रीय कसोट्यांवर तिला आधार मिळालेला नाही. परंतु ग्रहांचा आधार न घेताही या खड्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आपण जन्मलो त्या काळोख्या जागी काय होते, मग काय आले आणि पुढे काय नाहीसे झाले, हे सारे त्याने आपल्या अंगावर जसेच्या तसे नोंदून ठेवले आहे. कोट्यवधी वर्षे लोटली, तो आगीतून आला, नद्यांच्या प्रवाहात घरंगळला, तरी त्या नोंदीतील एक अक्षरही त्याने बदलले नाही.

दुरंगी माणूस आपला खरा रंग लपवतो, म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. दुरंगी नीलम आपले दोन्ही रंग उघड दाखवतो. दोघांना एकच विशेषण लावताना हा फरक आपण विसरता कामा नये.

स्वाध्याय

१. कुरुंद, माणिक, नीलम व पुष्कराज यांचे परस्परांशी नाते काय, ते सांगा.
२. पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम विपुल असूनही नीलम दुर्मीळ का आहे?
३. विणकराचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. जुन्या काळचा कारागीर आणि आजचा कारागीर यांच्या दृष्टीतील फरक स्पष्ट करा.
५. ‘दोष वस्तूत नसतो, तो लपवालपवीत असतो,’ या वाक्याचा अर्थ एका उदाहरणाने समजावून द्या.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पाणीदार, कोंदण, पारखी, लवलेश, अखंड.